एका कानाचा इअरफोन आणि सालेहकाका

मी एक जुना इअरफोन आहे. वायरवाला. डावा कान बंद, उजवा चालू, मधे वायरीला चिकटपट्टी. तुमच्याकडे आता बिनवायरीचे आलेत, त्यामुळे मला बघून हसाल. हसा. पण मित्रांनो, आधी माझं ऐका. एका म्हाताऱ्या माणसाचा निरोप होता. तो त्याच्या मुलापर्यंत पोचला नाही. मी तिथंच होतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. मोबाईलच्या खोक्यात गुंडाळून पडलो होतो. ऋषीनं खोकं उघडलं. तो हिंजवडीत कंपनीत. जाता-येता ट्रॅफिकमध्ये मी त्याच्या कानात. गाणी, मीटिंगा, गाणी. मग एकदा बसच्या दारात वायर अडकली आणि माझा डावा कान गेला.

"घे रे, एका कानाचा आहे. चालेल?" ऋषीनं मला रूममेटकडे फेकलं.

"चालेल काय, पळेल," संपत म्हणाला.

तेव्हापासून मी संपतचा.

संपत वाशिमकडचा. येरवड्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत गेस्ट हाऊस आहे, तिथं कामाला. येमेन, ओमानहून लोक ऑपरेशनला येतात आणि तिथं राहतात. संपत व्हीलचेअर ढकलायचा, औषधं आणायचा, डबे पोचवायचा. अरबी बोलणारा माणूस नोकरी सोडून गेला, तेव्हा संपतनं ठरवलं की ती जागा आपण घ्यायची.

काउंटरवर पूर्णिमाताई बसायच्या. कर्वेनगरच्या. त्यांना हे सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत, नुसतं बघितलं. "छान. म्हणजे आता पेशंटला अरबीतून पण उशिरा डबा मिळणार."

संपत मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ लावायचा. त्यात एक बाई वाक्य म्हणायची, एक माणूस उत्तर द्यायचा. कैफ हालक. म्हणजे कसे आहात. वेन युजअक. कुठे दुखतंय. जिना झाडताना, भांडी घासताना, सगळीकडे मी कानात आणि संपत मोठ्यानं बोलतोय. घसा खरवडून तो एक आवाज काढायचा, तेव्हा शेजारचा कुत्रा उठून जायचा.

माझं कौतुक व्हायचं. "हाच माझा मास्तर," म्हणायचा आणि मला शर्टाला पुसायचा. इतकं प्रेम ऋषीनं कधी केलं नव्हतं.

पण तो एक करायचा. बाईचं वाक्य ऐकायचा आणि माणसाचं उत्तर आलं की बोटानं पुढं ढकलायचा. उत्तर काय आपल्याला द्यायचंय? आपण तर विचारणार! असं त्याचं होतं. आणि एक अख्खा धडा त्यानं सोडला. 'मा फहिम्त.' मला समजलं नाही, परत सांगा. "हे कशाला शिकायचं," म्हणाला आणि पुढं गेला.

मग सालेहकाका आले. येमेनच्या डोंगरातले. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, दात नाहीत, आवाज म्हणजे नुसता वारा. सोबत मुलगा यासर. तो पुण्यातच कॉलेजला, हिंदी बोलायचा. वडिलांच्या व्हिसाच्या कामासाठी यासरला दिल्लीला जावं लागणार होतं. काकांना फोनवर काही ऐकू यायचं नाही.

"कोई है जो अब्बा की बात समझे?" त्यानं काउंटरवर विचारलं.

"मैं हूँ ना," संपत म्हणाला. आणि लगेच एक लांबलचक वाक्य अरबीत फेकलं. यासर खूश. त्यानं संपतचा हात धरला. "वो जो भी बोलें, मुझे शाम को बताना. सब कुछ."

पूर्णिमाताईंनी नंतर विचारलं, "तुला खरंच कळतं का रे?"

"कळतं ताई. थोडंफार."

"मग ते मोबाईलवालं ट्रान्सलेट लाव."

"त्याला काकांची बोली कळत नाही. आणि मोबाईलच बोलणार असेल तर मला कोण ठेवेल?"

संपत रोज काकांपाशी बसायचा. कैफ हालक? काका बोलायला लागायचे. शेळ्या चालल्यासारखे शब्द यायचे, एकामागून एक, थांबायचंच नाव नाही. संपत मान हलवायचा. ऐवा, ऐवा. म्हणजे हो, हो. परत विचारलं नाही त्यानं. त्याच्या घरी तशी पद्धतच होती. आई फोनवर म्हणाली होती, मीच ते ऐकलं, "मोठ्या मानसाले उलटून इचारू नोको बाप्पा. हो म्हनावं." तो ते अपमान होऊ नये म्हणून पाळायचा. नोकरीची भीतीही होतीच. दोन्ही होतं.

संध्याकाळी यासरचा फोन. "क्या बोले?"

"बढिया है. खाना खाया. आपकी याद करते हैं."

जे डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचा. बाकीचं मनानं.

मग ती दुपार. काका जेवले नाहीत. त्यांनी संपतचं मनगट धरलं आणि बोलायला लागले. हळू. नेहमीसारखं नाही, एकेक शब्द ठेवल्यासारखं. मधे यासरचं नाव आलं. खिडकीकडे बोट केलं. परत यासर. मग थांबून त्यांनी काहीतरी विचारलं. मी संपतच्या गळ्यात लोंबकळत होतो.

"ऐवा," संपत म्हणाला. "इन शा अल्लाह."

काका हसले. त्याच्या गालावर हात फिरवला. एवढा मोकळा चेहरा मी त्यांचा आधी बघितला नव्हता. मग ते झोपले.

उठले नाहीत.

यासर मिळेल त्या विमानानं आला. सगळं आटपल्यावर काउंटरपाशी उभा राहिला. रडत नव्हता. "आखिर में क्या बोले अब्बा? मेरा नाम लिया?"

"लिया," संपत म्हणाला.

"फिर?"

पूर्णिमाताई हळूच मराठीत म्हणाल्या, "संपत, सांग काहीतरी. सुखी राहा म्हणाले, असं सांग. मुलगा आहे तो."

संपतनं मला गळ्यातून काढलं आणि मुठीत आवळलं. चिकटपट्टी सुटली.

"मा फहिम्त," तो म्हणाला.

कधी न शिकलेलं वाक्य. एकदाच कानावर पडलेलं. उच्चार अगदी बरोबर होता.

यासरनं विचारलं, "तूने उनको क्या कहा?"

"हाँ कहा."

"किस बात को हाँ?"

 मग यासरनंच स्वतःचा हात पुढं केला. "कैसे पकड़ा था? दिखा." संपतनं त्याचं मनगट धरलं, काकांनी धरलं होतं तसं. दोघं तसेच उभे राहिले. पूर्णिमाताईंनी वाजणारा फोन उचलला नाही.

संपत आता तिथं नाही. जाताना मला किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवून गेला. उजवा कान अजून चालतो, पण एका कानाचा इअरफोन कोण घेणार? धूळ खातोय. मला सारखं वाटतं, खिडकीत काय होतं? मीही बघितलं होतं. हॉस्पिटलची भिंत आणि वर थोडं आभाळ. बस.

मित्रांनो, इअरफोन नीट गुंडाळून ठेवा, बसच्या दारापासून जपा, हे मी सांगणारच. पण त्याच्याआधी हे ऐका. समोर माणूस बोलत असेल तर मला कानातून काढा. आणि समजलं नाही तर तसं सांगा. मोठ्या माणसाला पण सांगा. लाज वाटेल. वाटू द्या. तो अजून बोलतोय तोवरच विचारता येतं.