दुसऱ्या कॉलेजातली अक्का

वॉचमनने ओळखपत्र हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"हे आपल्या कॉलेजचं नव्हे, अम्मा," तो कन्नडमध्ये म्हणाला. म्हणताना जरा ओशाळला, कारण गेले दोन महिने दर शनिवारी याच मुलीला त्याने काही न विचारता आत सोडलं होतं.

वसुमतीने डबा या हातातून त्या हातात घेतला. हॉस्टेलच्या केबिनच्या काचेवर वॉर्डनच्या सहीचा नवा कागद चिकटवलेला होता. आई-वडील किंवा फॉर्मवर नाव असलेले पालक, एवढ्यांनाच आत प्रवेश. तिने तो वाचला, मग पुन्हा वाचला, आणि फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसून आत राहणाऱ्या सुप्रीताला फोन लावला.

गेल्या वर्षी ती याच हॉस्टेलात राहत होती. वडील, हयवदनराव, पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तो कारखाना बंद पडला, नवी नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला बोम्मसंद्र्यात मिळाली, आणि घरही तिकडे गेलं. आईच्या, म्हणजे अम्माच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, घरात तिसरं माणूस हवंच होतं. मग दुसरं वर्ष सुरू होताना वसुमतीने हे कॉलेज सोडलं आणि घरापासून चालत जाण्याजोग्या एका कॉलेजात नाव घातलं. हॉस्टेलची खोली सोडताना तिला फारसं वाटलं नाही. सुटत नव्हता तो बळग.

बळग म्हणजे गोतावळा. हॉस्टेलातल्या मुलींनी कधीकाळी सुरू केलेली ही रीत होती. दुसऱ्या वर्षाची प्रत्येक मुलगी पहिल्या वर्षातल्या एकीला आपली तंगी, म्हणजे धाकटी बहीण करून घ्यायची, आणि ती तिची अक्का व्हायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी अक्काने तंगीसोबत बसायचं, तिला ताप आला तर डॉक्टरकडे न्यायचं, सणाला घरचं जेवण आणून द्यायचं. वर्ष संपलं तरी नातं संपत नाही, असं सगळ्याजणी म्हणायच्या. तीस वर्षांपूर्वीच्या अक्का अजून एकमेकींच्या मुलींच्या लग्नांना जात.

वसुमतीच्या वाट्याला चिठ्ठीतून ईरा आली होती. वसुमतीचं नाव तेव्हा अजून या कॉलेजातून निघायचं होतं. ईरा नागपूरची. वडील नव्हते, आई अंजलीताई शाळेत शिकवायच्या. घर सोडून पहिल्यांदाच इतक्या लांब आलेली. चिठ्ठी हातात धरून ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "तंगी? आमच्याकडे पैशाची तंगी असते, पाण्याची असते. माणसाची तंगी कशी असते बाप्पा?" वसुमती खूप हसली होती. तीनशे वर्षं बेंगळुरात राहिलेल्या घरातली मुलगी ती. तिच्या मराठीत अर्धी कन्नड मिसळलेली, तर ईराची वऱ्हाडी वळणाची. दोघी एकमेकींचे शब्द चोरू लागल्या. ईरा महिन्याभरात 'स्वल्प थांब' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणायला लागली, आणि वसुमतीच्या तोंडी घरी 'येऊन राहिले' येऊ लागलं तशी अम्मा चकित झाली.

कॉलेज बदलल्यावर वसुमतीने बळगला कळवून टाकलं होतं की, तंगी मी सोडणार नाही. मेट्रोची पिवळी लाइन सुरू झालीच होती. बोम्मसंद्र्याहून बसलं की पाऊण तासात हॉस्टेलाजवळचं आर. व्ही. रोड स्टेशन. ती दर शनिवारी यायची. नव्या कॉलेजात तिची कुणाशी ओळख वाढली नाही. तिथल्या मुली चार वाजले की आपापल्या बस पकडून पांगायच्या, आणि तिनेही काही प्रयत्न केला नाही. आपण खऱ्या कुठल्या, हे तिच्या मनात ठरलेलं होतं.

सुप्रीता खाली आली. बळगची या वर्षीची प्रमुख तीच. ती वाईट मुलगी नव्हती. बोलायची तेव्हा नीट तोलून, हात हातात घेऊन बोलायची. तिने वसुमतीचा हात हातात घेतला आणि सांगितलं की वॉर्डनशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर बळगमध्येही कुरबुर आहे. बाहेरची मुलगी अक्का कशी, असं दोघीतिघींनी विचारलं. तंगीला इथे राहणारी अक्का हवी. म्हणून ईराला तिने स्वतःकडे घेतलं होतं.

"तू आपलीच आहेस," सुप्रीता म्हणाली. "पण तुझं आता तिकडे आहे ना सगळं?"

वसुमती म्हणाली, सरी. एवढंच म्हणाली. ईराला खाली बोलवू का, असं सुप्रीताने विचारलं, तर ती म्हणाली, नको, उशीर होतो. डब्यात झुणका होता. नागपुरी चवीचा जमावा म्हणून ईराच्या आईला फोनवर विचारून तिने सकाळी दोनदा केला होता. तो तिने तसाच परत नेला. मंगळवारी तिच्या फोनवर एक ओळ आली की बळगच्या ग्रुपमधून तिला काढण्यात आलं आहे. कुणी काढलं ते नावही त्यात होतं.

अपमान तिला सावकाश चढत गेला. वर्गात बसलेली असताना, अम्माला जिन्यावरून हात देताना, मध्येच 'बाहेरची मुलगी' हे शब्द आठवायचे आणि कानाच्या पाळ्या तापायच्या. ईराचे मेसेज यायचे. अक्का, का नाही आलीस? अक्का, रागावली का? वसुमती तुटक उत्तरं द्यायची. अभ्यास आहे. अम्माला दवाखान्यात न्यायचं आहे. त्यातलं काही खरंही होतं. पुढचा शनिवार तसाच गेला, आणि जाताना तिला थोडं बरं वाटलं, हेही खरं होतं. ज्यांना आपण नको त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ती नव्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकटीच जेवत असताना ईराचा आवाजी मेसेज फोनवर आला.

"वसुअक्का, कालपासून ताप येऊन राहिला मले. डोळ्यांच्या मागं लय दुखते. शनिवारी येशील का तू? काही आणू नको. नुसती बस माझ्याजवळ."

वसुमतीने ते दोनदा ऐकलं. मग फोन तोंडाशी धरला आणि शांतपणे, नीट शब्द जुळवून बोलली. "ईरा, तुझी अक्का आता सुप्रीता आहे. तिला सांग. मला तिथे आत सोडत नाहीत." पाठवून दिल्यावर तिने डबा बंद केला. पाच मिनिटांनी ईराचं उत्तर आलं. लिहून. 'सरी अक्का.'

पुढे काय झालं ते वसुमतीला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. ईराने सुप्रीताला सांगितलं होतं. सुप्रीता त्याच दिवशी कॉलेजच्या संघाबरोबर म्हैसूरला स्पर्धेला निघाली होती; तिने बसमधूनच वॉर्डनला कळवलं. वॉर्डनने तापाच्या गोळ्या पाठवल्या. खोलीतली दुसरी मुलगी शुक्रवारी गावी गेली. शनिवारी ताप उतरला, म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं. ईराने आईलाही फोनवर सांगितलं की, आता ठीक आहे. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरी भीती असते, हे त्या मजल्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी ती बाथरूमच्या दाराशी पडलेली सापडली. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. सोमवारी दुपारी ती गेली.

त्या शनिवारी वसुमती घरीच होती. तिने अम्माच्या उशांच्या खोळी धुतल्या, आणि दुपारी झोप काढली.

तिला कळलं मंगळवारी, तेही कुणी सांगितलं म्हणून नव्हे. जुन्या वर्गातल्या एका मुलीने स्टेटसवर ईराचा फोटो लावला होता, खाली दोन तारखा. वसुमती फोटोकडे पाहत बराच वेळ त्या तारखांचा अर्थ लावत राहिली. तोवर बेंगळुरातच, विजेच्या दाहिनीत सगळं उरकलं होतं.

हयवदनराव त्या दिवशी कामावरून लवकर आले. मुलीच्या शेजारी जमिनीवर बसले. मग म्हणाले, "जाऊन ये बाळ. तिच्या आईला भेट."

"कोण म्हणून जाऊ, अण्णा?"

ते उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

बुधवारी सकाळी सुप्रीताचाच फोन आला. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. ईराची आई आणि मामा सामान न्यायला हॉस्टेलवर आले आहेत, आणि आई वसुअक्काला बोलवा म्हणते आहे. ईराने घरी कधी सांगितलंच नव्हतं की अक्का बदलली. दर शनिवारी फोनवर ती आईला सांगत राहिली होती की, वसुअक्का येऊन गेली, मजेत गेला दिवस.

फाटकाशी वॉचमनने या वेळी ओळखपत्र मागितलं नाही. सुप्रीता जिन्यात उभी होती. डोळे सुजलेले, अंगावर कालचेच कपडे. तिने वसुमतीला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तिचा फोन त्यांना उघडता येत नाही. फोटो हवे आहेत त्यांना. पॅटर्न तुला माहीत असेल. पण वसु, त्यात माझे मेसेज आहेत. तिने शनिवारी दोन फोन केले होते, मी उचलले नाहीत. आणि तुझंही असेल काही. आधी तू एकटी बघून घे."

"बघते," वसुमती म्हणाली.

खोलीत अंजलीताई ईराच्या खाटेवर बसल्या होत्या. बारीक अंगाची बाई, शाळेत जाताना नेसतात तशी इस्त्रीची सुती साडी. मामा, गिरीराज, खाली बसून पुस्तकांच्या खोक्याला दोरी बांधत होते. अंजलीताईंनी वसुमतीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तूच का वसु?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं होतं उंच असशील."

त्यांनी तिला जवळ बसवलं. झुणक्यात तू तीळ घालतेस का अजून, असं विचारलं. मग पर्समधून फोन काढून तिच्या हातात दिला. वसुमतीने बोटाने खूण ओढली, आणि ईराचा फोन तिच्यासमोर उघडा झाला. अंजलीताई खिडकीकडे पाहत होत्या. वसुमतीच्या आणि ईराच्या बोलण्याची यादी ईराने सगळ्यात वर पिन करून ठेवली होती. गुरुवारचे दोन आवाज, आणि खाली ती दोन शब्दांची ओळ. बोट ठेवून धरलं की पुसता येतं. कुणालाही कळलं नसतं. तिच्या स्वतःच्या फोनमधलं तर तिने कालच पुसलं होतं, आणि पुसल्यावर रात्रभर मनात तेच ऐकत राहिली होती.

"फोटो आहेत," ती म्हणाली. "पण आधी हे ऐका. तिचा आवाज आहे. गुरुवारचा."

तिने तो लावला. मामांचा हात दोरीवर थांबला. ईराचा आवाज खोलीत आला, थोडा बसलेला, लाडीक. नुसती बस माझ्याजवळ. अंजलीताईंनी डोळे मिटले नाहीत, तोंडावर पदर घेतला नाही. त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

"याच्या खाली माझं उत्तर आहे," वसुमती म्हणाली. "तेही ऐका."

आणि तिने स्वतःचा आवाज लावला. तो स्वच्छ होता. कुठेही न अडखळणारा. कॅन्टीनमधल्या भांड्यांचा खणखणाटही त्यात होता. तो संपल्यावर गिरीराजमामांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वसुमती हात मांडीवर ठेवून बसली होती. काहीही ऐकायची तिची तयारी होती. खरं तर ते ऐकण्यासाठीच ती आली होती.

"किती वाजता धाडलं होतं हे?" अंजलीताईंनी विचारलं.

"दुपारी. सव्वा वाजता."

"जेवली होती का ती तेव्हा?"

तिला ते माहीत नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं.

"नाही माहीत," ती म्हणाली.

अंजलीताईंनी मान हलवली, जणू एखाद्या मुलाने वर्गात खरं उत्तर दिलं असावं. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव. तिचंच."

वसुमतीने लावलं. संपल्यावर अंजलीताईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला, कुठे दाबायचं ते विचारून घेतलं, आणि तो कानाशी धरला. त्या पुन्हा पुन्हा ऐकू लागल्या. वसुमतीकडे त्यांनी पाहिलं नाही. जा असं म्हणाल्या नाहीत, बस असंही नाही.

दारात पहिल्या वर्षाची एक मुलगी येऊन उभी राहिली होती. ती कुजबुजत म्हणाली की ईराचे कपडे अजून गच्चीवरच आहेत. गेल्या बुधवारी धुतलेले. कुणाची हात लावायची हिंमत झाली नाही.

वसुमती वर गेली. दोरीवर दोन कुर्ते, एक ओढणी, मोजे आणि उशीचा अभ्रा होता. आठवडाभर ऊन आणि मध्येच आलेली सर खाऊन सगळं कडक झालं होतं, चिमट्यांच्या जागी गंजाचे डाग पडले होते. तिने एकेक कपडा काढला, झटकला, हातावर घेतला आणि खाली आणला. खोलीत टेबलावर पुस्तकं होती, जमिनीवर खोकी. घड्या घालायला कुठे जागा नव्हती. ती कपडे घेऊन खाटेपाशी उभी राहिली.

अंजलीताई फोन कानाशी तसाच धरून थोड्या पलीकडे सरकल्या, आणि घड्यांपुरती जागा झाली.