साडेसत्तावन्न टक्के

नजमाचं कंत्राट यंदा वाढणार नव्हतं, आणि कारण पत्रात ठळक छापलं होतं: लसीकरण साडेसत्तावन्न टक्के, अपेक्षित पंच्याऐंशी. कसबा पेठेतल्या ट्रस्टच्या दवाखान्यात अकरा वर्षं पोरांना सुया टोचणारी ही नर्स. तिला लांबून पाहूनच गल्लीतली पोरं धूम ठोकतात, याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं हवं? पण कागदापुढे कोणाचं काय चालतं.

पत्र घेऊन ती थेट ट्रस्टच्या स्वारगेटच्या कार्यालयात गेली. रिपोर्ट बनवणारी नम्रता संगणकामागूनच म्हणाली, "ताई, आकडे सिस्टिम काढते. तिच्याशी भांडायचं असेल तर खुर्ची घ्या."

नजमाने खुर्ची घेतली. "कसब्यात दोनशे मुलं. एकशे नव्वदांना मी लस दिली. मग साडेसत्तावन्न कुठून आले, तेवढं दाखवा."

नम्रताने उसासा टाकत रिपोर्ट उघडला. माहिती दोन ठिकाणांहून येत होती. दवाखान्याच्या संगणकातून कसबा, पंच्याण्णव टक्के. मोबाइलच्या ॲपमधून खडकीची बांधकामाची साइट. तिथे मजुरांची मुलं दहा, लस झालेली दोन, म्हणजे वीस टक्के. या साइटवर लस द्यायला नजमाने गेल्याच आठवड्यात स्वतःहून सुरुवात केली होती. हौस, दुसरं काय! आणि रिपोर्टने पंच्याण्णव नि वीस मिळवून सरळ दोनाने भागलं होतं.

नम्रताने त्या भागाकारावर बोट ठेवलं. "हे सूत्र मी लिहिलंय," ती म्हणाली. मघाचा तोरा पार उतरला होता.

"अहो, पातेलंभर आमटी आणि वाटीभर आमटी सारखीच धरलीत की," नजमा म्हणाली.

नम्रताने आधी सगळी मुलं मिळवली, मग लस झालेली मिळवली आणि शेवटी टक्के काढले. दोनशे दहापैकी एकशे ब्याण्णव. एक्क्याण्णव टक्के. नवा कागद घेऊन ती स्वतःच संचालक पूर्णिमा मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि चूक माझी आहे म्हणाली. असं कबूल करायला छाती लागते, पोरीने केलं. मॅडमनी जुन्या पत्रावर रेघ मारली आणि कंत्राटावर सही केली.

बाहेर आल्यावर नजमा जिन्याच्या पायरीवरच बसली. सुटले बाई, सुटले, असं चारदा पुटपुटली. मग तिने नवऱ्याला, कासिमला, फोन लावला. पत्र आल्यापासून चार दिवस तिने घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

"नोकरी वाचली," ती म्हणाली.

"जात होती?" कासिमने विचारलं.

"जात होती," ती म्हणाली आणि चार दिवस कोंडलेलं रडू तिने तिथेच मोकळं केलं.