संडासाला निळीचा हात

विशाखाने आईच्या, कुसाबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पाठ फिरवून भांडी लावायला घेतली, पण कान मागेच ठेवले. घोट घेतल्याचा आवाज काही आला नाही. मागच्या दाराची कडी तेवढी वाजली. जरा वेळाने ती अंगणात डोकावली, तर कढीपत्त्याचं बूड ओलं होतं आणि कुसाबाई रिकामा तांब्या पदराने पुसत उभ्या होत्या.

"प्यायलीस?"

"तर! सगळा."

विशाखाने तांब्या घेऊन पुन्हा भरून ठेवला. वडील गेल्यापासून या घरात खोटं पकडायची कुणाची छाती होत नव्हती.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. लघवीला आग होते ती पाणी पोटात जात नाही म्हणून, तेव्हा भरपूर पाणी प्या. हयगय केलीत तर दुखणं मूत्रपिंडात उतरेल. आणि चक्कर येते, तर जिना चढू नका. पण वापरातला संडास माडीवर होता. पाणी प्यायलं की जिना आलाच. महिन्यापूर्वी कुसाबाई त्याच जिन्यात भोवळ येऊन बसल्या होत्या, कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. त्यानंतर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. पाणीच सोडलं.

खाली संडास नव्हता असं नाही. जिन्याखाली, मागच्या दाराला लागून, एक होता. माणूस आत गेला की कोपर भिंतीला लागावं एवढा. नानांनी, म्हणजे विशाखाच्या वडिलांनी, या कॉलनीत घर बांधलं तेव्हा सगळ्यात आधी तो बांधून घेतला होता. अंबडच्या कारखान्यात फिटर होते ते. "चूल मागून पेटू दे, आधी हे," असं म्हणाले होते. ऑगस्टमध्ये एका सकाळी ते तिथेच कोसळले. दाराला आतून कडी होती. शेजाऱ्यांनी खांदे लावून दार तोडलं, तोवर सगळं संपलं होतं.

तेव्हापासून कुसाबाईंनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. भुताखेतावर त्यांचा विश्वास नव्हता. कुणी विषय काढलाच तर म्हणत, "बौद्ध झालो तवाच भुतं गावात ठेवून आलो आम्ही." संडासाबद्दल विचारलं की कारणं साधी असत. तिथं अंधार हाय. कुबट वास येतो. भिंतीचे पोपडे डोक्यात पडतात.

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. सोमवारी विशाखाला कळवणच्या शाळेत नोकरीवर हजर व्हायचं होतं. आई कळवणला यायला तयार नव्हती आणि विशाखाला तिला या जिन्याच्या हवाली करून एसटीत बसवत नव्हतं. पुस्तकं वाचून माणसाच्या मनाविषयी बरंच काही समजलं आहे असं तिला वाटायचं; आईच्या बाबतीत त्यातलं काहीच लागू पडेना. शेवटी तिने ठरवलं, आई जी कारणं सांगते तीच खरी मानायची. अंधार आहे ना, मग उजेड करू. पोपडे आहेत, खरवडू.

नव्या दाराला बिजागऱ्या सुताराने बसवून दिल्या. बाकी सगळं तिने एकटीने हाती घेतलं. गवंडी बोलावला असता तर आई म्हणाली असती, परक्या माणसाला दाखवण्यासारखी जागा आहे का ती? विशाखाने पत्र्याच्या तुकड्याने भिंती खरवडल्या, भेगांत पांढरं सिमेंट भरलं, काथ्याने घासघासून संडासाचं भांडं पांढरं केलं. डोक्याला पंचा बांधून ती बाहेर आली तेव्हा शेजारच्या सरुबाई कुंपणावर हात टेकून उभ्या होत्या.

"काय गं विशाखा, पावणे यायचेत काय बघायला?"

"कुणाला बघायला, मावशी?"

"तुला. पोरीला बघायला येणार म्हणून भिंती रंगवतात, दारं रंगवतात. संडास रंगवलेला पयल्यांदाच बघते. जावई तिथंच बसवायचा हाय का?"

ओट्यावर लसूण सोलणाऱ्या कुसाबाईंच्या तोंडावर हसू आलंसं वाटलं. पण त्या संडासाकडे पाहत नव्हत्या. त्या बाजूला पाठ करून बसल्या होत्या. एवढं करून आई आत गेलीच नाही तर?

चुन्याच्या कळ्या तिने जुन्या डब्यात विझवल्या, चुना धोतराच्या फडक्यातून गाळला, भिंतीला धरावा म्हणून सरस घातला. नुसता चुना पिवळट दिसतो म्हणून कपड्यांची निळीची पुडी सोडली. हे सगळं नाना दर वर्षी करत. ती डबा धरून उभी असे. कितीशी नीळ घालायची ते मात्र तिने कधी नीट पाहिलं नव्हतं.

रंग पुरा होईपर्यंत आईने पाहू नये म्हणून तिने दार ओढून घेतलं आणि झरोक्याला वर्तमानपत्र लावलं. बल्बच्या पिवळ्या उजेडात कुंचा चालवत राहिली. भिंत मळकी, राखाडी दिसत होती. अजून एक पुडी सोडली. तरी राखाडीच. आई म्हणेल, अंधार तर तसाच हाय की! तिने आणखी नीळ कालवली आणि दुसरा हात दिला. चुन्याने बोटं चरचरत होती. मधूनच बाहेर पावलं थांबल्यासारखी वाटत, आणि ती कुंचा हवेत धरून ऐकत उभी राही. पावलं जिन्याकडे वळली की ओरडे, "आई, थांब, मी येते धरायला!" वरून उत्तर येई, "मी काय तान्ही हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मागचं दार सताड उघडलं, झरोक्याचा कागद काढला आणि आत पाहिलं.

संडास निळा झाला होता. निळसर नव्हे, फिकट नव्हे. विहारावर फडकतो तो निळा. जयंतीच्या मिरवणुकीत नाना ज्या रंगाचा झेंडा धरून सगळ्यांच्या पुढे चालत, अगदी तो. पिवळ्या दिव्याखाली निळं राखाडी दिसतं एवढी साधी गोष्ट बी.एड. झालेल्या बाईच्या लक्षात आली नव्हती. दार ओढून घ्यावं म्हणून ती वळली, तर मागे कुसाबाई उभ्या.

त्यांची नजर निळ्या भिंतीवरून भांड्यापर्यंत उतरली.

"आई, नीळ जरा जास्त..."

"संडासाला?" कुसाबाईंचा आवाज एवढा चढला की सरुबाईंच्या घरातली भांडी वाजायची थांबली. "अगं, हा रंग संडासाला? तुझ्या बापानं झेंड्याची काठी कधी भुईला टेकू दिली नाय. हात भरून आला तर या खांद्यावरनं त्या खांद्यावर घ्यायचे. आन् तू हितं, भांड्याच्या वर? लोकं काय म्हणतील? मी काय म्हणू?"

"मला दिव्यात दिसलं नाही गं."

"शाळेत पोरास्नी शिकवतीस ना? घरात आग लागली तरी पुस्तकात बघशील, हीच का म्हणून!"

विशाखाला रडू यायला लागलं. सगळं हातचं गेलं होतं. आधी आईला तिथे नुसती आठवण अडवत होती, आता रंगही आडवा आला होता. सुट्टीचा एकच दिवस उरला होता. "मी पुन्हा चुना मारते," ती कशीबशी म्हणाली.

"तू? तुझ्या हातानं काय झालं ते बघितलं मी. आण हिकडं."

कुसाबाईंनी तिच्या हातातला कुंचा ओढून घेतला, पदर कमरेला खोचला, नीळ न घातलेल्या चुन्याचा दुसरा डबा पायाने पुढे सरकवला आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

विशाखा दाराबाहेरच उभी राहिली. आता काही बोलू नये, हलूही नये, असं तिला झालं. कुंचा पडायचा तसा पडत होता. भिंतीवर, फरशीवर, लुगड्यावर. आतून बडबड चालू होती. सरस कमी हाय. पाणी लय घातलंस. भेगा बऱ्या भरल्यात, एवढं खरं. मग बडबड थांबली. कुंचाही थांबला.

"आई?"

विशाखाने आत पाहिलं. कुसाबाई एका हाताने ओली भिंत धरून खाली बघत होत्या, भांड्याशेजारच्या वीतभर फरशीकडे. तिथे काहीच नव्हतं, चुन्याचे थेंब होते.

"लय अरुंद केलं त्यांनी हे," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं होतं, अजून एक हात वाढवा. तर म्हणले, हितं काय संसार मांडायचाय?"

विशाखाने पुढे होऊन त्यांच्या दंडाला हात लावला. दंड थंडगार होता. भोवळ तर येत नाही ना? तिने पटकन पेल्यात पाणी आणलं. कुसाबाईंनी ते उभ्या उभ्या घेतलं, चुन्याच्या हाताने पेला धरून, शेवटच्या थेंबापर्यंत. आणि पुन्हा कुंचा बुडवला.

चुना वाळता वाळता भिंती पांढऱ्या होत गेल्या. निळा दबला, पुरता गेला नाही, पण दबला. दुपारची जेवणं झाली. विशाखा पिशवी भरायला बसली होती, एकेक साडी दोनदोनदा घडी करत होती. मागे नव्या दाराची बिजागरी करकरली. तिने मान वळवली नाही. जिन्यावर पावलं वाजली नव्हती, एवढं मात्र तिने ऐकलं होतं. ती साडी मांडीवर ठेवून बसून राहिली. वेळ जाईना. कडी लावली असेल का? हाक मारावी का? मारली आणि ती उठून बाहेर आली तर? न मारावी आणि...

ती उठून दारापाशी गेली. आत शांत होतं. तिने दारावर टकटक करायला हात उचलला.

"विशाखा," आतून आवाज आला. "हितनं बसल्यावर वरच्या कोपऱ्यातलं निळं दिसतंय बघ. उद्या जायच्या आधी तेवढं बुजव."

"हो, आई."

"आन् तितं उभी नको ऱ्हाऊ. मला लाज वाटती."