ओटिलियाच्या गाईचं लाल दूध

गावचा पुढारी लुडविग, त्याच्या अंगणात अकरा घरांचं अख्खं नॉयफेल्ड गाव लोटलं होतं. मांत्रिक किलियनबुवानं विधवा ओटिलियाच्या गाईच्या दुधात मंतरलेलं पाणी ओतलं, बोट फिरवलं, आणि दूध लाल झालं.

"तुमच्या गाई रक्त वाहून मरताहेत, हिच्या दोन मात्र ठणठणीत," बुवा म्हणाला. "लेकरांनो, आता मी अजून काय दाखवू?"

याच माणसांनी रशियातून अमेरिकेत येऊन डाकोटाचं माळरान मिळून नांगरलं होतं. टोळधाडीच्या साली एका पोत्याचं बियाणं अकरा घरांत वाटून घेतलं होतं. ओटिलियाचा गोठाही त्यांनीच उभारून दिलेला. त्या दुपारी त्यांनीच तो पेटवला, गाई आत असताना. आणि म्हातारीला बर्फात हाकलून दिलं.

शाळेची मास्तरीण सेल्मा बघत राहिली. तिचे वडील शहरात औषधं विकायचे, तो लाल रंग तिच्या ओळखीचा होता. पण तिची नोकरी लुडविगच्या हातात होती. ती गप्प बसली.

चौथ्या दिवशी गुरांचा डॉक्टर आला. त्यानं लुडविगची गंजी उपसली, आतला चारा हुंगला. क्लोव्हर म्हणून गुरांसाठी पेरतात त्या गवताला बुरशी धरली होती. असलं गवत पोटात गेलं की रक्त गोठत नाही, साध्या ओरखड्यानंही जनावर मरतं, असं त्यानं सांगितलं. मग विचारलं, म्हातारीच्या गाई काय खायच्या?

"गव्हाचं काड," लुडविग म्हणाला. "क्लोव्हर पेरायला तिला रान कुठं होतं?"

तेव्हा कुठं सेल्मा पुढं झाली. तिनं लुडविगच्याच गाईचं दूध घेतलं, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं, जुलाबाच्या गोळीची पूड लावलेलं बोट फिरवलं. दूध लाल झालं.

"लुडविगकाका, ही गाय तुमची. आता चेटकीण कोण? तुमच्या घरातल्या काकू?"

डुकराच्या दोन तंगड्या दक्षिणा घेऊन बुवा केव्हाच पसार झाला होता.

ओटिलिया रेल्वे स्टेशनवर सापडली होती. बर्फानं गेलेले दोन्ही पाय डॉक्टरांनी कापले. सेल्मा दवाखान्यात गेली, सगळं सांगितलं. म्हातारीनं एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"त्याच दिवशी, मावशी."

ओटिलियानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

चारा हुंगायचा होता, तोच प्रयोग दुसऱ्याच्या दुधावर करून बघायचा होता. फार अक्कल लागत नव्हती. फक्त हे गोठा पेटायच्या आधी करायला हवं होतं, आणि ज्याला शंका आली त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर तोंड उघडायला हवं होतं.