एकोणचाळीस टिंबं

"आबा, तुमच्या हातून कोणी मेलंय का?"

हा प्रश्न विचारायची पैज वर्गातल्या प्राप्तीने लावली होती, आणि सान्वी आता पैज सोडणाऱ्यांतली राहिली नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा तिचा आवाज फुटत नसे. यंदा वक्तृत्वाची ढाल काय मिळाली, पोरगी माइक दिसला की उठायलाच लागली. त्यात आज वर्तकनगरच्या तिच्या शाळेत पाहुणे म्हणून बसले होते तिचे सख्खे आजोबा, कोळीवाड्याचे दामाजी. घरचाच माणूस, म्हणून तिने बिनधास्त विचारलं.

प्रोजेक्ट तिचाच होता. दुसऱ्या महायुद्धात भर समुद्रात पाणबुड्यांना आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून जर्मनांनी किनाऱ्यावर रेडिओचे मनोरे उभारले होते. साध्या रेडिओला कान लावला की आधी आखूड टिंबं ऐकू यायची, मग सगळं एका सलग सुरात विरून जायचं, मग लांब रेघा. मनोरा दोन्ही मिळून साठ सोडायचा. टिंबं किती नि रेघा किती, यावरून नकाशावर दिशा निघायची. तोच सूर ऐकून पाणबुडी सावज गाठायची, आणि तोच सूर ऐकत इंग्रजांची विमानं तिच्या मागावर यायची. युद्ध संपलं तरी मनोरे बोलतच राहिले. एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये आबांनी ते मालवाहू जहाजावर खलाशी असताना स्वतः ऐकले होते.

पोरं हसली. आबा हसले नाहीत.

"अकरा," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बिस्केचा उपसागर, दिवसाढवळ्या हात दिसू नये असं धुकं, वायरलेसचा साहेब तापाने आडवा. कोळीवाड्याचाच मारुती कानाला हेडफोन लावून मोजायला बसला आणि त्याची मोजणी चुकली. जहाज खडकावर गेलं. मारुतीसकट अकरा गेले, त्यातले पाच एकट्या कोळीवाड्यातले. त्याला तिथे बसवलं आबांनी, एवढंच त्यांचं पाप. त्यांनी फळ्यावर आकडेही लिहिले. टिंबं एकोणपन्नास, रेघा अकरा.

सान्वीने महिनाभर हेच घोकलं होतं. तिच्या तोंडून गेलंच, "पण आबा, बेरीज बरोबर साठ कशी? मधे सूर विरतो तेव्हा दोन-चार तरी हरवतात ना?"

आबा खडू ठेवून खुर्चीवर जाऊन बसले. बाईंनी आभार मानून टाकले.

घरी आल्यावर ते गॅलरीत बसले, जेवायला उठेनात. सान्वी चहा घेऊन गेली तेव्हा तिच्याकडे न बघता बोलायला लागले. टिंबं मारुतीने मोजायची, रेघा त्यांनी, असं ठरलं होतं. मारुती अचूक मोजून म्हणाला, एकोणचाळीस. ते नकाशापाशी बसलेल्या दुसऱ्या साहेबाला आबांनी इंग्रजीत सांगायचं होतं.

"मी घाईत फॉर्टी-नाइन बोललो गं. चाळीस ऐकलं, त्याला नऊ जोडले. एकोण म्हणजे एक कमी, ते डोक्यातच नाय आलं." ते थांबले. "आनि रेघा मी मोजल्याच नाय. विडी पेटवीत होतो. साठातून वजा केले नि सांगितलं अकरा. बेरीज जुळली, साहेबाने नकाशावर रेघ मारली."

चौकशीत विचारलं, मोजलं कोणी? आबा म्हणाले, मारुतीने. ते खोटं नव्हतं. पुढचं मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

सान्वीला ती बाई अंधुक आठवत होती. मारुतीची बायको हौसाबाई. शहाडला राहते, आता ऐंशीच्या घरात. कोळीवाड्यातली माणसं गेलेल्या उरलेल्या चार घरांनी तिला नारळी पौर्णिमेला खाडीवर उभं राहू दिलं नव्हतं. ज्याने आमची माणसं बुडवली त्याची बाई, म्हणायचे. तान्ह्या पोराला घेऊन ती कोळीवाडा सोडून गेली. टेंभी नाक्यावर एकदा आबा तिला समोरून येताना बघून दुकानात शिरले होते. लहानग्या सान्वीला तेव्हा वाटलं, उन्हाचं.

"मना तोंड नाय गं तिला दाखवायला," आबा म्हणाले.

तिने त्यांचा थंड झालेला चहा उचलला आणि आत गेली. आई-बाबांना सगळं सांगितलं. बाबा, साईनाथ, कोळीवाड्याच्या मंडळाचे यंदाचे अध्यक्ष. त्यांनी आधी गॅलरीचं दार लावून घेतलं. पंचावन्न वर्षं झाली, ते म्हणाले. त्या चार घरांशी आपली रोजची ऊठबस आहे. म्हाताऱ्याला या वयात शिव्या खायला लावायच्या? आणि तिला तरी आता सांगून काय मिळणार, नवरा परत येणार आहे का? प्रोजेक्टमध्ये आकडे तेवढे बदल आणि विषय संपव.

एरवी बाबांचा आवाज चढला की सान्वी मान खाली घालायची.

"बाबा, तिला सांगून नवरा मिळणार नाही," ती म्हणाली. "पण तो बरोबर मोजत होता, हे तिला मरायच्या आधी कळायला पाहिजे. उद्या मी शाळेत जात नाहीये. आबांना घेऊन शहाडला चाललेय. ते दारात बोलू शकले नाहीत तर मी बोलेन. आणि तिथून परत येऊन त्या चारही घरी जाणार आहोत."