कढत नळ आणि एक काकडीची वेल

मित्रांनो, मी एक जुना खल आहे. चिनीमातीचा, पांढरा, काठाचा टवका उडालेला. मला पाहून तुम्हाला आलं-वेलचीच आठवेल. पण मी जन्मभर काकडीची पानं कुटली, तीही कुवेतच्या एका प्रयोगशाळेत.

१९९४ साली मी तिथे आलो. हरितगृहातल्या काकड्यांवर भुरी पडायची. भुरी म्हणजे बुरशीच. काही वेलींना मात्र आईबापांकडूनच एक देणगी मिळालेली असते. बुरशीचं कवच कुरतडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या स्वतःच तयार करतात. ते पानांच्या रसात किती आहे, हे तिथल्या संशोधक रत्नमालाबाई तपासायच्या. आधी मला बर्फात बसवायच्या, मगच पान कुटायच्या, कारण रस तापला की विकर निकामी होतं. काय सुखाचे दिवस होते ते!

एका जुलैत बाई रजेवर गेल्या आणि पुण्याहून नवी आलेली विशाखा कामाला लागली. भुरीने सगळ्या वेली पांढऱ्या केल्या होत्या. एकच हिरवीगार राहिली. ही देणगी की नुसतं नशीब, ते माझ्यातल्या रसावर ठरणार होतं. विशाखाने बर्फातून काढून मला नळाखाली खळखळून धुतलं आणि लगेच पान कुटलं. रस काळपट पडला. विकर जवळजवळ नव्हतंच.

“नशीबच म्हणायचं. उपटून टाका,” मोठे साहेब इद्रीस म्हणाले.

वेली सांभाळणारा पुंडलिक रडवेला झाला. “म्याडम, ह्या वेलीक भुरी लागूक नाय. उपटू नका.”

“थांबा काका, पुन्हा करून बघते,” म्हणत विशाखाने मला परत नळाखाली धरलं. तेवढ्यात रजेवरून परतलेल्या बाई आत आल्या आणि त्यांनी मला हातात घेतलं.

“अगं, हा तर भाजतोय!”

“पण मी गार नळानेच धुतला.”

“वेडाबाई, टाकी गच्चीवर उन्हात तापते. जुलैत इथे गार नळालाच कढत पाणी येतं! आम्ही घरी गीझर बंद ठेवून त्यात सावलीला निवलेल्या पाण्याने आंघोळी करतो.”

मला पुन्हा बर्फात बसवलं. या वेळी रस हिरवा राहिला आणि विकर भरपूर निघालं. पुंडलिकने खुरपं खाली ठेवलं.

पुढे पानं वाटायला यंत्र आलं, बाई मायदेशी परतल्या, मी फडताळात गेलो. त्या वेलीची नातवंडं मात्र अजून हरितगृहात फळतात. बाईंच्या तळव्याची मला फार आठवण येते.

मित्रांनो, मला टाकून दिलंत तरी चालेल. पण कुणालाही निकामी ठरवण्याआधी, ज्यात त्याला पारखलंत त्या भांड्याला एकदा हात लावून बघा.