पाठमोरा माणूस

जो माणूस लोकांकडे पाठ करून उभा राहतो आणि तरी टाळ्या स्वतः घेतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं प्रबोधभाऊजींचं मत होतं. भाऊजी सायबर सिक्युरिटीत आहेत. संशय घेण्याचा त्यांना पगार मिळतो.

हा माणूस म्हणजे आल्दो फेराझी, निवृत्त इटालियन ऑपेरा कंडक्टर. सिंगापूरला, बिशानमध्ये, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये लेकीकडे राहायला आलेले. गणपतीच्या कार्यक्रमातल्या नाट्यपदाच्या तालमीला माझ्या सुचित्राताईने त्यांना बोलावलं, कारण तबल्यावर भाऊजी असतात आणि भाऊजी पळतात. दर वर्षी ताई समेवर पोचायची तेव्हा भाऊजी तिथे आधीच येऊन थांबलेले असायचे. मंडळात निवेदकालासुद्धा वन्समोर मिळून गेला होता, ताईला कधीच नाही. यंदा मिळाला नाही तर गाणं बंद, असं तिने सांगून टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी भाऊजींनी विचारलं, तुम्ही वाजवता काय?

"काहीच नाही," आल्दो म्हणाले.

भाऊजींनी रात्री इंटरनेट पालथं घातलं. एकच फोटो मिळाला, पाठीचा.

"ही कुणाचीही पाठ असू शकते," ते मला म्हणाले.

मग खोदून खोदून चौकशी झाली. जन्म क्रेमोनाजवळ, वडील लोहार. नाट्यगृहात आधी पडदा ओढायचे, मग गायकांच्या तालमी घ्यायला लागले, मग हातात काठी आली. एका गावात महापौरांच्या बायकोला वन्समोर मिळाला, तो यांनी घेऊ दिला नाही. चाललेला ऑपेरा थांबवायचा नाही हे तत्त्व. तिथलं काम गेलं. मग माल्टा, मनिला, आणि आता लेक.

"बघ, हा तुझाही वन्समोर खाणार," भाऊजी आनंदाने ताईला म्हणाले. तेव्हापासून ताईसुद्धा आल्दोंच्या काठीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. मी ती लपवून ठेवू का म्हटलं, पण उपयोग नव्हता. ती हॉकर सेंटरमधल्या नूडल्सच्या स्टॉलवरची चॉपस्टिक होती.

कार्यक्रमात आल्दो स्टेजसमोर पाठमोरे उभे राहिले. अंतऱ्यावर भाऊजी पळायच्या बेतात आले, तेवढ्यात आल्दोंनी कुत्र्याला बस म्हणावं तसा डावा तळहात खाली केला. भाऊजी चालायला लागले. ताई आणि भाऊजी समेवर एकत्र पोचले. मागून कुणीतरी वन्समोर म्हणालं, मग अख्खा हॉल.

आल्दोंनी चॉपस्टिक खिशात ठेवली आणि हाताची घडी घातली.

भाऊजींनी स्टेजवरूनच मला 'सांगितलं नव्हतं?' असं नजरेने विचारलं. पण इशारा नसल्यामुळे त्यांचेही हात तबल्यावर नुसते पडून होते.

ताईने आल्दोंकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, स्वतःचा डावा तळहात पुढे केला आणि सुरू झाली. भाऊजी निमूट मागून आले. पद आधीपेक्षा छान झालं.

आल्दो माझ्या शेजारी येऊन बसले. "महापौरांच्या बायकोनेही हेच केलं होतं," ते म्हणाले. "माझ्याशिवाय गायली. छान गायली." मग म्हणाले, "मला कुणी काढलं नव्हतं. मीच सोडलं."

आता भाऊजींचा आल्दोंवर संशय नाही, ताईवर आहे. जेवताना ते ऑफिसचं सांगायला लागले की ती नुसता डावा तळहात उचलते.

"त्या माणसाने हिला काहीतरी शिकवलंय," असं ते परवा मला म्हणाले. विलंबित लयीत.